मागं ऐकू आलं नाही

रुक्माक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वामीमलैहून बसनं घरी परतत होतो. माझी थोरली बहीण... पाठोपाठ गोपाळरावांचा फोन. एकेकाळचे तिचे भागीदार. शोकसभेत मी दोन शब्द बोलतो, म्हणत होते. मी म्हटलं, "नको." आज काही आठवड्यांनी लिहितोय, ते राग निवला म्हणून नव्हे.

कुंभकोणमच्या आमच्या भजनमंडपात आवाज कमी-जास्त करायची गोल बटणं झिजून सारखी खरखरत. अक्कानं ती काढून डिजिटल पोटेन्शिओमीटर बसवले. फिरवणं नाही, झिजणं नाही. कळ दाबली की आवाज पायरीपायरीनं चढे, उतरे. शिवाय तिनं निवडलेली चिप लावलेली पातळी वीज गेली तरी लक्षात ठेवी. पण सत्काराची शाल पांघरली गोपाळरावांनी. भर सभेत म्हणाले, "कल्पना माझी. अक्का नुसत्या तारा जोडतात." त्या दिवशी ती जेवली नाही. भागीदारी मोडली.

पुढं त्यांनी तेच यंत्र स्वतःच्या नावानं बनवलं, चिप मात्र घातली विसरभोळी. उत्सवाच्या सकाळी जोडणी चालली असताना अक्कानं ती पाहिली आणि गप्प राहिली.

"सांगत कां नाहीस?" मी विचारलं.

"उगा राहा. वीज जाऊ दे."

वीज गेलीच. परत आली तेव्हा हळू ठेवलेला आवाज आपोआप मध्यावर चढला होता. कर्णे असे किंचाळले की गाणारे कान झाकून उठले. गोपाळरावांनी यंत्र बंद केलं आणि तिथूनच हात जोडले. "अक्का, जरा पाहता का?"

"मी? मी तर नुसत्या तारा जोडते."

घाम पुसत ते म्हणाले, "यंत्र तुमचंच आहे, अक्का."

"मागं ऐकू आलं नाही."

माईक बंद. त्यांना ओरडून सांगावं लागलं. मग ती उठली, आवाज लावून दिला, भजन पुन्हा सुरू झालं.

"झालं समाधान?" घरी येताना मी विचारलं.

"थोडकं," म्हणाली.

थोडकंच खरं. पुढं तंजावरात त्यांनी तेच यंत्र पुन्हा आपलं म्हणून मिरवलं. अशा माणसाला तिच्या फोटोशेजारी मी उभं करणार नव्हतो.

अक्काच्या खोलीत तिचा रेडिओ आहे. शेवटी तिला कमी ऐकू येई, म्हणून त्यातही तिनं स्वतःची चिप बसवून आवाज मोठा लावलेला. गेलेली वीज आली की तो तेवढ्याच मोठ्यानं सुरू होतो. बायको म्हणते, कमी करा. भिंतीपलीकडे गोपाळरावांचं घर आहे... मी कमी करत नाही.