पेणच्या हातचा अमेरिकन

मुलगी पाचवीत होती तेव्हा तिच्या वर्गाने जगातल्या सार्वजनिक स्मारकांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. कुणी काय करायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरले. तिच्या मैत्रिणीला ताजमहाल आला, मागच्या बाकावरच्या मुलाला आयफेल टॉवर. तिच्या वाट्याला एका अमेरिकन राजकारण्याचा पुतळा आला. हा गृहस्थ एकोणिसाव्या शतकात सिनेटर होता, गुलामगिरीविरुद्ध बोलायचा आणि त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी एका बागेत त्याचा ब्राँझचा पुतळा उभा केला. शाळेने दिलेल्या कागदावर एवढीच माहिती होती. सोबत एक काळपट फोटो.

आखातात, गुदैबियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिने तो कागद जेवणाच्या टेबलावर आपटला.

"नोबडी नोज हिम, आई. नोबडी विल स्टॉप."

आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. नवरा म्हणाला, "त्यापेक्षा आपला नगरसेवक बरा. निदान शिव्या द्यायला तरी लोक थांबतात."

ती हसली नाही. आदल्या वर्षीच्या प्रदर्शनात तिचा ज्वालामुखी फुटलाच नव्हता. लोक तिच्या टेबलावरून पुढे जात राहिले आणि ती तीन तास खुर्चीवर बसून होती. या वेळी कुणीतरी थांबावे, एवढीच तिची मागणी होती. बक्षिसाचे नावही तिने काढले नव्हते.

मी पेणच्या एका मूर्तिकारांना फोन केला. ते बारा वर्षे इथे, तुबलीतल्या एका वर्कशॉपमध्ये फायबरग्लासचे काम करतात. आमच्या गणपतीचा प्रवासात मोडलेला कान एका वर्षी त्यांनीच जोडला होता, त्यावरून ओळख.

"ताई, माणूस कधी केला नाय. देवच केले."

"पुतळाच तर आहे."

"तेच म्हणतो. देवाचं सोपं असतं. तो सगळ्यांना माहीत असतो."

तरीही ते तयार झाले. शुक्रवारी वर्कशॉपला सुट्टी असते. आम्ही पोचलो तेव्हा शटर अर्धे वर होते आणि त्यांनी आली गावच्या कुंभारांकडून माती आणून ठेवली होती. तारेच्या सांगाड्यावर माती चढू लागली. तासाभरात कोट घातलेला, एक हात पुढे केलेला माणूस उभा राहिला. मुलगी फोटो पाहायची आणि पुतळा पाहायची.

"काका, ही इज थिन!"

पुतळ्याला गोल, भरलेले पोट आले होते. त्यांनी फोटो हातात घेऊन नीट पाहिला.

"सवय. हात आपला आपण तिकडे जातो."

पोट खरवडून निघालेली माती त्यांनी तिच्यापुढे ठेवली. "आता बूट तू कर. मला बूट येत नाय. आमच्या गिऱ्हाइकाला लागत नाय ते."

हे तिला समजायला दोन सेकंद लागले. मग ती इतकी हसली की तिला स्टुलावरून खाली उतरावे लागले. पुढचा तासभर ती बूट करत बसली.

दुसऱ्या शुक्रवारी रंग द्यायचा होता. तपकिरीवर हिरवट झाक, फोटोतल्या ब्राँझसारखी. ते काम संपत आल्यावर आम्ही दोघी कोपऱ्यावर चहा आणायला गेलो. पंधरा मिनिटांनी परतलो तेव्हा त्यांच्या हातात बारीक कुंचला होता आणि पुतळ्याला डोळे आले होते. पांढरा डोळा, त्यात काळी बाहुली, बाहुलीत उजेडाचा ठिपका, खाली नाजूक रेघ. याला पेणला आखणी म्हणतात. ती सर्वांत शेवटी होते आणि ती झाल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही.

वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या बातम्यांमधल्या चुका काढल्या आहेत. ही चूकही मी सांगितली. ब्राँझच्या पुतळ्याचे डोळे रंगवलेले नसतात आणि फोटोतही नव्हते.

"अरे देवा. पुसतो, ताई." ते चिंधी शोधू लागले.

मुलगी टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "नो! डोन्ट! ही इज लुकिंग ॲट मी." ती डावीकडे सरकली, मग उजवीकडे. "इकडेपण!"

"बघणारच," ते म्हणाले. "डोळे आखलेत कशाला मग?"

मार्क कापले जातील, असे मी तिला सांगितले.

"लेट देम," ती म्हणाली.

प्रदर्शन गुरुवारी सकाळी होते. तिचे टेबल हॉलच्या कोपऱ्यात, दिवे लावलेल्या ताजमहालाच्या पलीकडे. मी भिंतीशी उभी राहून मोजत होते. पहिल्या अर्ध्या तासात तीन जण थांबले. त्यातल्या एकाला बाथरूम कुठे आहे ते हवे होते. मुलगी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली होती.

मग पहिलीतली एक मुलगी जाता जाता अडखळली. ती पुतळ्यापुढून एकदा गेली, परत आली, खाली वाकली आणि धावत जाऊन मोठ्या बहिणीला घेऊन आली. बहिणीने आणखी चार जणींना आणले. लोक डावीकडून उजवीकडे चालून तो खरेच बघतो का ते तपासू लागले. तपासून झाले की प्रत्येक जण विचारायचा, हा कोण? आणि माझी मुलगी उभी राहून सांगायची. चाळीसनंतर मी मोजणे सोडले.

परीक्षक बाईंनी 'मूळ स्मारकाशी साम्य' या रकान्यात दहापैकी चार दिले. मी तक्ता पाहिला. मार्क बरोबर होते. मुलीला तक्ता बघायला वेळ नव्हता.

साडेअकराला मूर्तिकार आले. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्यांना पुढे घेऊन जाऊ लागले, तर म्हणाले, "नको. लाइनीतनं येतो."

त्यांचा नंबर आला. मुलीने त्यांच्याकडे पाहिले, घसा साफ केला आणि मराठीत सुरुवात केली.

"काका, हा माणूस ना, भांडायचा. म्हणजे, तिकडे लोक माणसांना विकत घ्यायचे. त्या माणसांसाठी हा भांडायचा."

"मग मारला असेल कुणीतरी."

"नाही. ओल्ड होऊन गेला."

"नशीबवान." ते पुतळ्यासमोर वाकले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, परत डावीकडे आले. त्यांना निघायची घाई दिसत नव्हती.

"यल्ला, काका," माझी मुलगी म्हणाली, "पुढे सरका ना. मागे लोक थांबलेत."