तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

कोर्टाने पाठवलेल्या मनोरुग्णांच्या आमच्या कुलूपबंद वॉर्डात दर महिन्याला एक झकास कार्यक्रम होतो. ज्याला गजांआड ठेवलंय, त्यालाच विचारायचं की बाबा, तुला कसं वाटतं? हॉस्पिटल तेलंगणातलं, प्रश्न तेलुगूत छापलेले, म्हणून मराठी रुग्णांसाठी मला बोलावतात. मी समुपदेशक, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या आदिलाबादचा. आवाज चढवून-उतरवून वाचायची संधी मी सोडत नाही.

आदिलाबादजवळच्या तलमडुगू गावाकडच्या एका रुग्णाला मोकळ्या वॉर्डात जायचं होतं. तिथे बहिणीला जाळीशिवाय भेटता येतं. ते त्याच्या उत्तरांवर ठरणार होतं.

"झोप कशी आहे?"

"बरी हाय."

"भीती वाटते?"

"बरं हाय सारं."

डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं. "सगळं बरं म्हणतो, म्हणजे लपवतो. नाही सोडता येणार."

मी मजेत म्हणालो, "आमच्याकडे पाहुणा जेवायला दोनदा नाही म्हणतो, पोट रिकामं असलं तरी. तिसऱ्यांदा म्हटलं की पाटावर बसतो. दुखण्याचंही तसंच. तुम्ही एकदाच विचारता."

"हे हॉस्पिटल आहे, लग्नाचा मांडव नाही."

"दिसतंय. इथे कोणी आग्रह करत नाही."

पुढच्या महिन्यात मी झोपेचं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा झोप बरी होती. तिसऱ्यांदा विचारताच तो उसळला.

"काऊन छळून राह्यले, साहेब? नाई येत झोप. हा तुमचा जवान रातभर ब्याटरी तोंडावर मारते."

दाराशी उभा पहारेकरी म्हणाला, "जिता हायेस का मेलास, पाहा लागते ना."

"मेलो का सांगीन तुले."

पडदा पडल्यावर नट टाळ्यांसाठी वळतो तसा मी डॉक्टरांकडे वळलो. ते दोन महिन्यांची उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून बघत होते.

"मागे झोप होती, आता नाही. चिडचिडही वाढलीय. तब्येत बिघडली. मोकळा वॉर्ड नाही."

"मग बॅटरीची तब्येत तपासा."

"तुमचं काम वाचायचं. तेवढं करा."

आता बहिणीने जाळीतूनच बोलायचं होतं.

त्यापुढच्या महिन्यात तो हाताची घडी घालून बसला. मी कागद उघडायच्या आत म्हणाला, "साहेब, तुमाले झोप येते?"

"येते की."

"खरंच येते?"

"येते म्हटलं ना."

"मंग माह्यं बी तसंच लिवा."

तिसऱ्यांदा त्याने मला विचारलं नाही.