खाडीकडची खिडकी

ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा वास आला, की मला नव्वदच्या दशकातली ती दुपार आठवते. तेव्हा मी बेलापूरला नोकरी करत होते. पणजोबांनी बांधलेलं उरणजवळचं आमचं दगडी घर मी कधी पाहिलंच नव्हतं. वडील विषयच टाळायचे. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी कुणाला न सांगता मी एकटीच एसटीने गेले.

शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी कुलूप काढून दिलं. आत गार अंधार होता. खाडीच्या बाजूची खिडकी विटांनी बुजवलेली होती.

“ही का बंद केली?” मी विचारलं.

काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “तू शेवंतीसारकीच दिसतेस गो. तुज्या बापसाची मोठी बहीन. तो तवा सात वर्सांचा, चिखलात रुतला व्हता. त्याला काढाया गेली नि भरतीत गेली. मंग त्यांच्या आयशीला रोज या खिरकीतून तिची हाक यायची. म्हनून बुजवली.”

त्या विटांकडे पाठ करायचा मला धीर होईना. मी तशीच मागे सरकत दाराबाहेर आले.

तेव्हा मला भीती वाटली ती त्या मुलीची. वाचलेला सात वर्षांचा मुलगा त्याच घरात लहानाचा मोठा झाला, हे मनात आलंच नाही.

घरी जेवताना मी विचारलं, “बाबा, शेवंती कोण?”

हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. मग म्हणाले, “आईला वाटायचं, हाक शेवंती मारते. त्या दिवशी चिखलातून हाक मी मारली होती.”