मामाजींच्या ट्रकला ग्राफिक्स कार्ड

घरातली एखादी जुनी वस्तू नीट करायला घेतली ना, की वस्तू राहते बाजूला आणि किस्सेच जमत जातात! आमच्या कॉम्प्युटरचं तसंच झालं. दिग्रसला आमच्याकडे कुणी चहाला आलं की त्यातला एक तरी निघतोच. आणि दर वेळी मला वाटतं, या सगळ्यात आपल्याला नेमकं कळलं तरी काय होतं? काहीच नाही!

कॉम्प्युटर माझा. कॉलेजात असताना गेम खेळायला म्हणून हट्टानं असेंबल करून घेतलेला. लग्नानंतर माझ्यासोबत सासरी आला. आता त्याला दहा वर्षं झाली. पण त्यावर सगळ्यात जास्त कोण बसतं? माझे सासरे! मामाजींनी सारा जन्म एका जिनिंग मिलचा ट्रक चालवला. घरी बसून कंटाळलेले दिसले, म्हणून मी त्यांना ट्रक चालवायचा एक गेम लावून दिला. वर स्टिअरिंगही आणून दिलं. तेव्हापासून माझी खुर्ची गेली ती गेलीच.

*

मामाजी गेममध्येसुद्धा रिव्हर्स एकट्यानं घेत नसत. हाक मारायचे, "अवो, मागं पाहा जरा!"

मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पोळ्या सोडून यायच्या, कॉम्प्युटरच्या मागे उभ्या राहायच्या आणि क्लीनरसारख्या कॅबिनेटवर थापा मारायच्या. "येऊ द्या... येऊ द्या..."

तिसऱ्या थापेला कॉम्प्युटर बंद!

"पाहा," आत्याबाई म्हणायच्या, "बराबर थांबवली का नाही!"

*

पुढे चित्र अडकायला लागलं. मामाजी म्हणाले, "गाडी पुढं जाऊन राह्यली अन् रस्ता मागून येऊन राह्यला. अन् धुकं किती हे!"

जुन्या ग्राफिक्स कार्डावर चित्र पुसट यायचंच, म्हणून धुक्याकडे मी लक्ष दिलं नाही. नवऱ्याला म्हटलं, "प्रशांत, आता नवं कार्ड घ्यावंच लागेल." आत्याबाईंनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुंदाताई दारात! हातात आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो.

"तुमच्याकडं नवं कार्ड काढून राह्यले म्हणे. फॉर्म कुठं भेटते?"

मी समजावलं, "ताई, ते कॉम्प्युटरचं कार्ड आहे. त्यानं चित्र चांगलं दिसतं."

"मंग तर पाह्यजेच! माह्या आधारवरचा फोटो लयच खराब हाये."

*

यवतमाळहून कार्ड आलं. कॅबिनेट उघडलं, तर कार्ड दोन बोटं लांब! प्रशांतनं उभं धरलं, आडवं धरलं, तिरपं धरलं. मामाजी शांतपणे बघत होते.

"इंजिन आणलं, बोनट मोजलंच नाही?"

शेवटी आतला एक रिकामा रॅक काढला, तेव्हा कार्ड बसलं. सुरू केलं. पंखे गरगर, लाइट लखलख, स्क्रीन मात्र काळा ठिक्कर. दोन तास आम्ही उघडलं, लावलं, फुंकलं, परत उघडलं. मग दुकानदाराला फोन.

"मॉनिटरची वायर कुठं लावली?"

"जिथं बसली तिथं," प्रशांत म्हणाला.

"अहो, ती नव्या कार्डाले लावा! कार्ड काय शोभेले बसवलं?"

*

चित्र आलं, पण उड्या मारत. पुन्हा फोन, या वेळी स्पीकरवर. मामाजी स्टिअरिंगवर हात ठेवून तयारच होते.

दुकानदार म्हणाला, "पहिलं काम म्हणजे जुना ड्रायव्हर काढून टाका. सारी गडबड तोच करून राह्यला!"

मामाजींनी हळूच स्टिअरिंगवरचे हात काढले.

"नवा टाकला की पाहा कशी पळते!"

मामाजी उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. मी चहा घेऊन मागे गेले. म्हटलं, "मामाजी, कॉम्प्युटरमधल्या एका प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात हो. तुम्हाला नाही म्हणाला तो."

"म्हणजे आत बसला राह्यते? दिसत नाही?"

"नाही."

"अन् गाडी तोच चालवते?"

"हो, म्हणजे... तसंच काहीसं."

"मंग मी काय करतो?"

मी चहा प्या म्हटलं.

*

नवा ड्रायव्हर टाकला आणि काय सांगू, झाडाचं पान न् पान दिसायला लागलं! मी आणि प्रशांतनं टाळ्या वाजवल्या. मामाजी बसले, थोडं पुढे गेले आणि म्हणाले, "धुकं हायेच."

चार दिवस आम्ही सेटिंग बदलली. उजेड वाढवला, कमी केला. गेममध्ये लख्ख ऊन, आणि मामाजी म्हणतात धुकं! पाचव्या दिवशी मी शेजारी बसले. "मामाजी, कुठं आहे, बोटानं दाखवा बरं."

त्यांनी बोट स्क्रीनच्या कडेला ठेवलं. मग ते बोट तसंच पुढे सरकलं. भिंतीवर, कॅलेंडरवर, खिडकीवर. आणि माझ्यावर येऊन थांबलं.

"इथं हाये, तिथं हाये. तुह्यावरही हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्यांना यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगलाच पिकलेला. पुढे ऑपरेशनं झाली, आता डोळे छान आहेत. पण त्या दिवशीचं तपासणीच्या खोलीतलं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून धूसर दिसतं?"

मी म्हटलं, "दोनेक महिने झाले असतील."

"तीन वर्षं," मामाजी म्हणाले.

मी वळून बघितलं. तीन वर्षांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून त्यांनी एकाएकी ट्रकची चावी मालकाला परत दिली होती. तेव्हापासून आत्याबाई रोज त्या गुडघ्यांना तेल चोळत होत्या!

"उमरखेडहून कापसाच्या गाठी घेऊन येत होतो," ते डॉक्टरांना सांगत होते. "भर दुपारी धुकं पडलं. उन्हाळ्यात! गाडी बाजूले लावली. मालकाले फोन केला, दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हटलं. अन् घरी आलो."

"आणि गुडघे?" मी विचारलं.

"गुडघ्याले काय झालं?"

मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पण पोरी, तुह्या कार्डानं फरक पडलता बरं, थोडा."