भागीरथी मावशीनं निवडलेला क्लास

भागीरथी मावशीला मासळीतलं कळतं, याबद्दल आमच्या कोळीवाड्यात कुणाचं दुमत नाही. अडचण एवढीच, की मासळीतलं कळलं म्हणजे जगातलं सगळंच कळलं अशी तिची समजूत आहे. माझ्यासाठी मुलगी बघायला गेली तेव्हाही तिनं पहिल्यांदा मुलीचे डोळे निरखले होते. स्वच्छ, पाणीदार आणि खोल गेलेले नाहीत, अशी खात्री करूनच चहाला हात लावला. माझ्या बायकोला हे अजून माहीत नाही आणि कळू देण्याचा माझा विचारही नाही.

ही गोष्ट मात्र मावशीच्या जयाची. शहाण्णव साली जया बारावी झाली. तिचे वडील, दामाजी काका, आधीच गेलेले, आणि मावशीचे गुडघे त्याच वर्षी गेले. ठाण्याच्या बाजारात मावशीचा सिमेंटचा ओटा होता, सासूपासून चालत आलेला. तो चार दिवस रिकामा दिसला असता तर शेजारच्या मंजुळेनं आपली पाटी हळूच त्यावर सरकवली असती. त्यामुळे ओट्यावर कुणीतरी बसणं भाग होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे जया, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. जयाला मासळीची घाण वाटत नव्हती, पण तिला भाव करता येत नव्हता. गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं की मागण्याआधीच ही भाव उतरवायची. तिला कॉम्प्युटर शिकायचा होता.

मावशी लगेच हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिनं मुदत घातली. वर्षभर मी कशीतरी ओटा धरून ठेवते. पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत शिकून नोकरीला लागलीस तर बरं, नाहीतर होड्या पाण्यात जातील त्या दिवसापासून तू ओट्यावर बसायचंस. जयानं मान हलवली आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

आता शिकायचं म्हणजे काय शिकायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या काळात दर दोन इमारतींआड एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि प्रत्येक फळ्यावर वेगळ्याच भाषेची नावं. कुणी म्हणे कोबोल कर, कुणी म्हणे कोबोल मेलं, सी कर. समोरचा चंदू, ज्यानं आयुष्यात कॉम्प्युटर फक्त बँकेच्या काउंटरपलीकडून पाहिला होता, तो जयाला दररोज नवा कोर्स सुचवायचा. मी महापालिकेत कारकून, इंग्रजी पेपर वाचणारा, म्हणून घरातला जाणकार मीच. मी जाहिराती कापून ठेवल्या, चार लोकांना विचारलं आणि ठाणे स्टेशनजवळच्या एका मोठ्या क्लासचं नाव सांगितलं. माझं कर्तव्य तिथं संपायला हवं होतं. पण मावशी म्हणाली, "माल बघितल्याबिगर मी पैसं देत नाय."

मग आम्ही तिघं माल बघायला निघालो.

ठाण्याच्या त्या क्लासला काचेचा दरवाजा होता. चपला बाहेर काढायच्या होत्या, ते मावशीला आवडलं. आत टाय लावलेल्या मुलीनं आम्हाला मऊ खुर्च्यांवर बसवलं आणि डिप्लोमा, हायर डिप्लोमा आणि ऑनर्स डिप्लोमा यातला फरक समजावून सांगितला. विंडोज नावाचं काहीतरी नवीन आलंय, आम्ही तेच शिकवतो, असंही ती म्हणाली. मी मान डोलावत होतो. मावशीनं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला आणि विचारलं, "इथं येवढी थंडी कनाला?"

"एसी आहे मावशी. मशीन गरम होऊ नये म्हणून."

मावशी उठलीच. बाहेर येऊन चपला घालताना मला म्हणाली, "नाथा, ताज्या म्हावऱ्याला बरफ लागत नाय. बरफात कोन ठेवतो? ज्याचा माल कालचा हाय तो."

मी तिला कॉम्प्युटर आणि बोंबील यातला फरक सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकत होती, पण पटलं नाही म्हणजे ती जशी ऐकते तशी.

डोंबिवलीच्या क्लासचा मालक दारातच उभा राहून 'शंभर टक्के नोकरी' असं ओरडत होता. त्याच्याकडे एसीही होता. मावशी त्याच्या दारातही थांबली नाही. सकाळी एवढ्या मोठ्यानं ओरडतो त्याच्या पाटीत संध्याकाळी काय उरतं ते ती बाजारात रोज बघायची, असं तिचं म्हणणं. अशा रीतीनं ठाणे-डोंबिवलीतले सगळे चांगले क्लास नापास करून आम्ही कल्याणला पोचलो.

कल्याणच्या घाऊक बाजारात एका धान्याच्या गोदामावर, लाकडी जिन्यानं वर गेल्यावर सीताराम सरांचा क्लास होता. सर पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. पंखा एकच, तोही सरांच्या डोक्यावर. खालून तूरडाळीची धूळ वर यायची आणि थेट कॉम्प्युटरमध्ये बसायची. ती सारखी झटकावी लागे, म्हणून एकाही मशीनला झाकण नव्हतं. तारा, पट्ट्या, सगळं उघडं. सर घामाघूम होऊन एका मशीनमध्ये फुंकर मारत होते. आम्ही आलेलो त्यांनी पाहिलं आणि "बसा" म्हणून पुन्हा फुंकर मारायला लागले.

मावशीचा चेहरा उजळला. "बघ," ती मला म्हणाली, "कल्ले उघडे टाकलेत. ज्याला लपवायचा नाय तोच कल्ले उघडून दावतो."

मी हात जोडून सांगितलं, की ही मशिनं जुनी आहेत, इथं जे शिकवतात ते तीन वर्षांमागचं आहे. जयानंही माझी बाजू घेतली, म्हणजे तोंड पाडून उभी राहिली. पण पैसे मावशीचे होते. आख्खं कल्याण शिकायला ठाण्याला येत होतं त्या वर्षी आमची जया ठाण्याहून कल्याणला जायला लागली.

तिथं ती वर्डस्टार, लोटस आणि डीबेस हे विंडोजच्या आधीचे प्रोग्राम शिकली. खरं सांगायचं तर निम्मा वेळ ते शिकली. उरलेला वेळ मशीन बंद पडलेलं असायचं. सरांचा नियम असा, की ज्याचं मशीन बंद पडलं त्यानंच ते उघडून चालू करायचं, ओरडायचं नाही. त्यामुळे तिथली मुलं कीबोर्डला हात लावण्याआधी आत डोकावायची, ब्रशनं धूळ झटकायची, दोन फुंकरा मारायची आणि मगच बटण दाबायची. देवापुढे बसण्याआधी हात धुवावेत तसं ते त्यांच्या अंगवळणी पडलं. जयाच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी एक स्क्रूड्रायव्हर राहायला लागला.

वर्ष संपल्यावर सरांनी सर्टिफिकेट दिलं, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढलेलं, चारी बाजूंनी फुलीफुलीची नक्षी. मावशीनं ते लॅमिनेट करून आणलं आणि एकवीरा आईच्या तसबिरीखाली ठेवलं. मग जया मुलाखती द्यायला लागली आणि माझं म्हणणं खरं ठरायला लागलं. जिथं जाईल तिथं पहिला प्रश्न, विंडोज येतं का? जया खरं बोलणारी. नाही म्हणायची. एका साहेबानं सर्टिफिकेट उजेडात धरून विचारलं, ही नक्षी तुम्ही स्वतः काढलीत का? घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण पोर रडत होती. "मी सांगितलेलं," हे मी एकदाच बोललो. मावशीनं माझ्याकडे असं बघितलं, की दुसऱ्यांदा बोलायची हिंमत झाली नाही.

नारळी पौर्णिमेला आठवडा राहिला. मावशीनं जयासाठी नवा कोयता आणून धार लावून ठेवला.

शेवटची मुलाखत माजिवड्याला होती. कार्यालयांना कॉम्प्युटर विकणारी आणि सांभाळणारी एक छोटी कंपनी, तिला टायपिंगला मुलगी हवी होती. त्या दिवशी जयाबरोबर मी गेलेलो. तिला एका कोऱ्या करकरीत मशीनपुढे बसवलं, हातात एक पत्र दिलं आणि हे टाइप कर म्हणाले. मालक बाजूला उभा. जया घाबरली, आणि माणूस घाबरला की सवयीचं तेच करतो. तिनं पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला, मशीनच्या पाठीमागचे स्क्रू सोडवले, झाकण बाजूला ठेवलं आणि आत वाकून दोन फुंकरा मारल्या.

आत धुळीचा कणही नव्हता. मशीन आदल्या दिवशी खोक्यातून काढलेलं. झाकणावरचं वॉरंटीचं सील मात्र मधोमध फाटलं होतं.

मालक जो काही ओरडला तो मी इथं लिहीत नाही. मी खुर्चीत मिळेल तेवढा लहान झालो. जया उभी राहिली आणि दाराकडे निघाली. तेवढ्यात आतल्या खोलीतून दुरुस्तीकडचा प्रमुख फेलिक्स बाहेर आला, जाडसर, चष्मा कपाळावर चढवलेला. काय झालं ते कळल्यावर तो इतका हसला, की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसत जयाला म्हणाला, "अगं, चाललीस कुठं? उघडलंस ना, आता लाव परत."

तिनं लावलं. एकेक स्क्रू जागच्या जागी. मशीन चालू झालं. फेलिक्सनं झाकण हलवून बघितलं, मग टेबलावर हात फिरवला.

"एकपण स्क्रू उरला नाही," तो मालकाला म्हणाला. "माझ्या हाताखालची दोन पोरं मोठी मोठी सर्टिफिकेटं घेऊन आलीत. उघडतात दोघंपण. लावून झालं की दर वेळी मूठभर स्क्रू शिल्लक. ही मला पाहिजे. विंडोज मी शिकवतो, दोन आठवड्यांचं काम ते."

टायपिंगची नोकरी दुसऱ्या मुलीला मिळाली. जयाला फेलिक्सनं दुसऱ्या दिवसापासून बरोबर न्यायचं ठरवलं. काम असं, की हत्यारांची पिशवी खांद्याला लावायची आणि ज्या कार्यालयात, ज्या घरात मशीन बंद पडलं असेल तिथं जायचं. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत. परत येताना मी एवढा खूश होतो, की रिक्षा केली.

मावशी मात्र खूश झाली नाही. जया पहिला दिवस भरून संध्याकाळी घरी आली तेव्हा मावशी कोपऱ्यात पाय लांब करून बसली होती आणि तिनं जयाच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"डोक्यावर पाटी नको म्हनून तुला शिकवली. आनि तू खांद्यावर पिशवी घेऊन दारोदार फिरनार? ती बाय टेबलावर बसनार, आनि तू फिरनार? त्यापरीस ओटा बरा. निदान गिऱ्हाईक आपल्याकडं येतो."

मी तिथंच बसलो होतो. ओटा हाती येण्याआधी मावशी बारा-तेरा वर्षं नौपाड्यातल्या इमारतींमधून पाटी घेऊन फिरली होती. सासू जिवंत होती, ओटा तिचा होता. घरोघरी मावशीला नावानं हाक मारत, भाव करत, पोराबाळांची चौकशीही करत. पण उंबऱ्याबाहेर. उन्हाळ्यात पाणी मागितलं तर तांब्या उंच धरून ओंजळीत वरून ओतत. वास येतो ना, असं मावशीच त्यांच्या वतीनं सांगायची. तक्रार तिनं कधी केली नाही. मीही लहानपणापासून हे ऐकत आलो होतो आणि त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नव्हतं.

"आये, तसा नाय ते," जया म्हणाली. "आत घेतात."

"जिन्यात?"

"नाय गं. आत. आज नौपाड्यात दोन घरं केली. एका वकिलाच्या हापिसात तर त्याच्या सवताच्या खुर्चीवर बसवला मना. तो उभा राहिला."

मावशी तिच्याकडे बघत राहिली.

"चाय दिली," जया म्हणाली. "बिस्किटा पन."

"कशात दिली?"

"कपात."

"कनच्या कपात?"

"त्यांच्याच. बशी पन दिली."

मावशीनं जयाला जवळ बोलावलं, तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि मांडीवर ठेवून वरून हात फिरवत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही. मी उठून बाहेर ओटीवर गेलो. मला स्वतःची फार लाज वाटत होती, का ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडून झाल्यावर मावशी काठीच्या आधारानं बाजारात गेली आणि तिनं ओटा मंजुळेला देऊन टाकला. मंजुळा बिचारी गोंधळली. इतकी वर्षं टपून बसल्यावर मागितल्याशिवाय मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. ओट्याचं झालं, पण जयाचं काय, ती कुठला कोर्स शिकली, असं तिनं विचारलं. तिची धाकटी दहावीला होती.

"कोर्साचा नाव मना ठाव नाय," मावशी म्हणाली. "तिला घरात घेतात आनि त्यांच्याच कपात चाय देतात. तुझ्या पोरीला पन त्यालाच घाल."