रिवर्कचा पीस

पिंपरीत दवाखान्याच्या बाकावर ते नवरा-बायको माझ्या शेजारी बसले होते. नवऱ्याची कानटोपी उजवीकडं खोलगट दबलेली. अपघातानंतर कवटीत बसवलेला तुकडा पू झाल्यानं काढावा लागला होता. आता नवा टायटॅनियमचा बसवायचा की प्लास्टिकचा, हे आज डॉक्टरांना सांगायचं होतं.

"चाकणला फोर्जिंगच्या कारखान्यात, भट्टीवर हाय मी," टोपी चाचपत ते म्हणाले. "आमच्यात रिवर्कचा, म्हंजी एकदा दुरुस्त केलेला पीस परत आला, की सरळ स्क्रॅप, भंगारात."

"स्क्रॅप म्हणू नका," बायको म्हणाली. "टायटॅनियम घ्या. मजबूत असतं."

"भट्टीपुढं तापंल की ते."

"भट्टीपुढं जाणार कोण?"

मी केमिस्ट्रीचा ग्रॅज्युएट, घरातला पहिला. सल्ला द्यायला सरसावलो, पण भांडण मटेरियलचं नव्हतंच.

त्यांच्या नावाचा पुकारा झाला, दोघं आत गेले. आतून तिचाच आवाज आला, "प्लास्टिकचाच बसवा, डॉक्टर. हे काय भट्टी सोडायचे न्हाईत."