परातीतलं वर्गमूळ
मला वर्गमूळ शिकवायला घेतलं ते धुळ्याच्या आमच्या घरमालकीणबाईंच्या सुनेनं, हे आधी सांगतो. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठावर आधण पडल्याचा वास आला की त्या वहिनी आठवतात. माझी सातवीतच शाळा सुटलेली, मॅट्रिक बाहेरून केलेलं. कोकणातून नोकरीसाठी इतक्या लांब आलेलो, आणि बी.ए. झालो तरच घराजवळ बदलीची आशा. पण अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र छातीत धडकी भरवायचं. प्रमाण विचलनाचं गणित शेवटी वर्गमूळ मागायचं आणि नेमकं तेच मला येत नव्हतं. जेवायला त्यांच्याकडेच असायचो. एकदा पानावर बसून हे बोललो. "एवढंच ना, भाऊ?" म्हणत वहिनींनी परातीतलं पीठ सपाट केलं, बोटानं आकडे लिहून जोड्या पाडल्या. निम्मं गणित होतंय तोच दारातून सासूबाई म्हणाल्या, "भाकरी करी ऱ्हायनी का मास्तरकी वं?" वहिनींनी आकड्यांवरच आधण ओतलं. पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही. परीक्षेत ते गणित निम्म्यावरच अडलं. मी नापास झालो, घर लांबच राहिलं. वर्गमूळ काढायला पुढे शिकलो, तोवर परीक्षेची उमेद संपली होती. वहिनी, तुमच्या नातीला कधी गणित अडलं तर मला कळवा. येईन आणि शेवटच्या आकड्यापर्यंत शिकवीन.